हायड्रॉलिक ब्रेकरची निगा आणि सूचनांचे मराठी

खडक फोडणारा हायड्रॉलिक ब्रेकर जर्मनीतील क्रुप कारखान्याने १९६७ साली बाजारात आणला. महाराष्ट्रात, विशेषतः काळ्या पाषाणात पाया खणावयाचा असतो तेथे, तो पोकलेनला जोडलेला सर्वत्र दिसतो. (पोकलेन हे वस्तुतः एका फ्रेंच कारखान्याचे नाव, मराठीत त्याचे सामान्यनाम झाले आहे.) त्याची रचना फारशी गूढ नाही. दाबाखालील तेल दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, वर उचलते. त्यामागील नायट्रोजन वायू आकुंचन पावतो. झडप फिरताच दट्ट्या वेगाने खाली येऊन छिन्नीच्या माथ्यावर आदळतो. छिन्नी बुशांमध्ये सरकते, व तेथे ग्रीस लागते. अडचण उद्भवते ती येथेच.

‘छिन्नी दाबून ग्रीस भरावे’ ही सूचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ‘ऊन’-प्रत्ययान्त धातुसाधित प्राधान्येकरून पूर्वकाल दाखविते. ‘जेवून गेला’ या वाक्यात जेवण संपलेले असते. त्याच न्यायाने छिन्नी एकदा दाबली, मग ब्रेकर उचलला आणि ग्रीस भरले, तरी सूचनेच्या शब्दांचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. यंत्राचा भंग मात्र होतो. ब्रेकर अधांतरी असता छिन्नी खाली घसरते, दट्ट्या व तिचा माथा यांमध्ये पोकळी राहते आणि ग्रीस त्या पोकळीत साठते. पहिल्याच आघाताला दट्ट्या पोलादाऐवजी ग्रीसवर आदळतो. ग्रीस जवळजवळ दबत नसल्याने तेथे प्रचंड दाब निर्माण होऊन खालचे सील फाटते व छिन्नीजवळून तेल गळू लागते. सील निकृष्ट होते असा निष्कर्ष निघतो, नवे बसविले जाते, ग्रीस पूर्वीच्याच रीतीने भरले जाते, आणि तेही फाटते. ‘छिन्नी जमिनीवर टेकवून पूर्ण आत दाबावी, इंजिन बंद करावे आणि छिन्नी तशीच दाबलेली असतानाच ग्रीस भरावे’ असे वाक्य लांबट खरे, पण ‘असतानाच’ या एका पदात सीलची किंमत सामावलेली आहे.

दोषनिदानातही शब्दांची हीच उणीव जाणवते. ‘मार कमी झाला’ या तक्रारीत दोन भिन्न लक्षणे एकवटतात. आघातांची संख्या पूर्ववत् असून जोर घटला असेल, तर प्रथम वायूचा दाब तपासावा; आघातच संथ झाले असतील, तर तेलाचा पुरवठा अपुरा आहे किंवा परतीच्या मार्गात अडथळा आहे, असा संशय घ्यावा. होजपाइप नेहमीपेक्षा अधिक थडथडू लागले, तर तेही पुष्कळदा संचायकातील वायू उतरल्याचे चिन्ह असते. चालकाला ‘मार हलका की संथ?’ एवढे विचारले तरी निम्मे काम होते.

‘गॅस भरावा’ ही सूचना तर सर्वांत धोक्याची मानली पाहिजे. बांधकामावर ‘गॅस’ म्हटले की लोखंड कापण्याचे नळकांडे डोळ्यांपुढे येते, आणि त्यांपैकी एकात ऑक्सिजन असतो. दाबाखालील ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात आला तर स्फोट होतो. म्हणून या ठिकाणी ‘गॅस’ हा शब्द वर्ज्य करून प्रत्येक वेळी ‘नायट्रोजन’ असेच लिहावे व वाचून दाखवावे. पुनरुक्तीचा दोष येथे पत्करावा.