लाखोरी, भात आणि पायांतलं बळ

धान पिवळं पडू लागलं की बांधीतलं पाणी उतरतं आणि पायाखाली नुसता ओलसर चिखल उरतो. याच सुमारास भंडारा जिल्ह्यात काही शेतकरी उभ्या धानात शिरून लाखोरी या कडधान्याचं बी फेकतात. नांगर नाही, वखर नाही, खतही नाही. धान कापून होईपर्यंत रोपं वर आलेली असतात. पुढे जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर ती निळी फुलं धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा भरतात. याला उतेरा पद्धत म्हणतात. वैनगंगेकाठच्या पवनी-लाखांदूर पट्ट्यात, म्हणजे चौरास भागात, हे पीक जुनं आहे. सिंचन आलं तसं उन्हाळी धानाने त्याला मागे सारलं, ही गोष्ट वेगळी.

लाखोरीच्या डाळीत सुमारे 28 टक्के प्रथिनं असतात, तुरीहून जास्त. तांदळात ती 7-8 टक्केच. ज्या जिल्ह्यात दोन्ही वेळा भात, तिथे अशी डाळ फुकटात उगवावी हे भाग्यच म्हणायचं. पण लाखोरीचं नाव काढलं की शहरातला माणूस आजही पहिला प्रश्न विचारतो, ‘त्याने पाय जातात ना?’

पाय जातात, हे खरं आहे. 1830च्या आसपास सागर भागात गव्हाची पिकं बुडाली आणि लोक महिनोन् महिने या डाळीवर जगले. तेव्हा कमरेखाली लुळे पडलेल्या तरुणांची नोंद विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. त्याच्या आधी, 1811-12च्या माद्रिदच्या दुष्काळात, स्पेनमध्येही हेच घडलं. या डाळीच्या पिठावर तगलेली माणसं गोया या चित्रकाराने काढली आहेत आणि त्यातली एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. पायांचे स्नायू ताठरतात, चालताना पाय एकमेकांत अडकतात, माणूस काठीवर येतो आणि पुन्हा कधी बरा होत नाही.

दोषी रेणू सापडला तो 1964 साली, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. एस. एल. एन. राव, पी. आर. आडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी तो वेगळा काढला. त्याचं आखूड नाव ओडॅप. आपल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. ओडॅपची घडण त्याच्याशी इतकी जुळते की पेशी फसते, सतत चेतत राहते आणि अखेर मरते. पायांच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या लांबलचक चेतापेशींना त्याचा फटका सर्वांत जास्त बसतो.

बंदी मात्र या शोधाच्या आधीच आली होती. 1961 साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोरीच्या विक्रीला मनाई झाली. शेतात पीक चालूच राहिलं, घरात वडे आणि झुणका होत राहिला, कोवळे शेंडे खुडून भाजी वाळवली जात राहिली. बाजारात मात्र डाळ चोरून जाऊ लागली, कधी तुरीत मिसळून तर कधी बेसनात दळून. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं उपोषणं केली. महाराष्ट्राने ही बंदी 2008 मध्ये उठवली. माझ्या मते बंदीने खाणाऱ्याचं रक्षण फारसं झालं नाही, शेतकऱ्याचा भाव तेवढा पडला. पण लाखोरी पूर्णपणे निर्धोक आहे, असं जे काही समर्थक सांगतात तेही मला पटत नाही.

खरा मुद्दा आहे प्रमाणाचा आणि सोबतीचा. 1990च्या दशकात इथिओपियात दुष्काळात पुन्हा लॅथिरिझमची साथ आली, तेव्हा संशोधकांनी कोण काय खात होतं याचा हिशेब मांडला. डाळीबरोबर पुरेसं धान्य खाणाऱ्यांना धोका कमी होता. कच्चे हिरवे किंवा भाजलेले, उकडलेले दाणे खाणाऱ्यांना तो जास्त होता. धान्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं असतात, लाखोरीत ती तोकडी पडतात, आणि ओडॅपपासून पेशीच्या बचावाला त्यांचीच मदत होते असं दिसतं. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तेही डाळीतून मिळतं. म्हणजे वरण-भाताची जोडी दोन्ही बाजूंनी उपयोगाची आहे.

ही जोडी भंडाऱ्याच्या ताटात आहे, पण तिचं माप बिघडलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाचं ताट आखून दिलं. 2000 कॅलरींच्या आहारात धान्य 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम, सगळं कच्च्या वजनाने. आपल्याकडे परातभर भात आणि त्यावर तळ दिसेल इतकं पातळ वरण असतं. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला 46 ग्रॅम, आणि दाट डाळीची एक वाटी देते जेमतेम 6-7. उरलेली भरून काढायला दूध, अंडी, तलावातली मासोळी, हरभरा आहेतच. मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या, तलावांच्या जिल्ह्यात मासोळीला कमी नाही. ज्यांचं मूत्रपिंड दुखावलेलं आहे त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

भात परातभर खाल्ला जायचा कारण काम तसं होतं. परे म्हणजे धानाची रोपं उपटणं, चिखलात दिवसभर वाकून रोवणी, कापणी, भारे डोक्यावर वाहणं. रोवणीला बाया आजही वाकतात, पण कापणीला हार्वेस्टर आला, शेतावर जायला मोटरसायकल आली आणि धान विकलं की पुढचे काही महिने शरीराला ताण राहिला नाही. जेवणानंतर रक्तात चढणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात, आणि चालत्या स्नायूला ती इन्सुलिनची फार वाट न पाहता उचलता येते. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरी, मग ती भंडाऱ्यातल्या खांब तलावाच्या कडेने असो की गावच्या पांदण रस्त्याने, साखरेची उसळी खरोखर कमी करते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारं काम. हे दुसरं आपण विसरतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणं-बसणं साठीतल्या माणसालाही जमण्याजोगं आहे. डाळीतली प्रथिनं स्नायूत मुरायची तर स्नायूला असं काम हवंच.

घरी लाखोरी होत असेल तर डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, बराचसा ओडॅप त्यातच निघून जातो. रोज नको, आणि ती एकटी तर कधीच नको. तूर, मूग, हरभऱ्याबरोबर तिची पाळी लावा. हिरवे दाणे मूठमूठ खाऊ नका, लहान मुलांनाही देऊ नका. आणि जे पेरतात त्यांनी बियाणं घेताना वाणाचं नाव विचारावं. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ओडॅप 0.1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, जुन्या गावठी वाणांत तो यापेक्षा बराच जास्त भरतो.