महागडी उपकरणे घेण्याआधी ओट्याची उंची मोजा. स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात निवड कशी करावी?

मुंबई : स्वयंपाकघराचे नूतनीकरण करायचे ठरले की बहुतेक घरांत आधी कपाटांचा रंग निश्चित होतो, मग फरशा निवडल्या जातात आणि काम निम्म्यावर आल्यावर कुटुंब उपकरणांच्या दालनात पोहोचते. तोपर्यंत ओटा बसलेला असतो आणि वायरी भिंतीत बुजलेल्या असतात. खरे तर हा क्रम उलटा हवा. उच्च श्रेणीतील चिमणी, हॉब, ओव्हन किंवा डिशवॉशर घेताना किमतीपेक्षा अधिक विचार चार गोष्टींचा करावा लागतो : ओट्याची उंची, धूर बाहेर जाण्याची वाट, वीजजोडणीचा मंजूर भार आणि नळाच्या पाण्याचा दाब. या चारही गोष्टी तोडफोड सुरू होण्यापूर्वीच तपासता येतात.

सर्वांत दुर्लक्षित बाब ओट्याच्या उंचीची. ओट्याखाली किंवा कपाटात बसवायच्या उपकरणांची मापे मुख्यतः युरोपातील स्वयंपाकघरांवरून आलेली आहेत. तेथे ओटा सुमारे 90 सेंटीमीटर उंच असतो आणि त्याखाली 60 सेंटीमीटर रुंद, साधारण 82 ते 87 सेंटीमीटर उंच डिशवॉशर सहज मावतो. आपल्याकडील जुना कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा बहुधा 32-33 इंचांचा, म्हणजे 81 ते 84 सेंटीमीटरचा असतो. वरच्या दगडाची आणि त्याखालच्या आधाराची जाडी वजा केली, तर यंत्रासाठी उरणारी जागा अपुरी पडते. अशा वेळी ओटा उंच करण्याचा सल्ला मिळतो आणि तो फारसा विचार न करता स्वीकारला जातो.

हा सल्ला स्वयंपाक करणाऱ्याच्या शरीराला महागात पडू शकतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर आहे. कणीक मळताना आणि पोळ्या लाटताना जोर वरून खाली लावावा लागतो. ओटा कोपराच्या जवळ आला, की तो जोर पाठीऐवजी खांद्यांतून काढावा लागतो. भांडी घासण्याचे कष्ट वाचवणारे यंत्र मग पोळ्या लाटण्याचे कष्ट वाढवते. यावर सोपा उपाय म्हणजे दोन पातळ्यांचा ओटा. यंत्र असेल तेवढाच भाग उंच ठेवावा आणि लाटण्या-चिरण्याची जागा जुन्या उंचीवर राहू द्यावी. यंत्र कोरड्या बाल्कनीत बसवणे हाही एक पर्याय आहे. हॉब बसवताना मात्र थोडी उंची उपयोगी पडते. ओट्यावर ठेवलेली शेगडी भांड्याला काही सेंटीमीटर वर उचलते, तर हॉब दगडातच बसत असल्याने कढई खाली येते. म्हणून जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते, तिला ओट्यापुढे उभे करूनच ही मापे घेतली पाहिजेत. घरात हे काम कोण करते, हे सुताराला ठाऊक असण्याचे कारण नाही.

चिमणीच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो ताशी किती घनमीटर हवा ओढली जाते याचा. आठ फूट रुंद, दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघरात साधारण 20 घनमीटर हवा मावते. ताशी 1,200 घनमीटरची चिमणी कागदोपत्री ही सारी हवा दर मिनिटाला बदलेल. प्रत्यक्षात नळी जितकी लांब आणि तिला वळणे जितकी जास्त, तितका हा प्रवाह घटतो. सहा इंची तोंडाला चार इंची नळी जोडली, तर महाग मोटर केवळ आवाज करत राहते. शिवाय हवा बाहेर टाकायची, तर तेवढीच आत यायला हवी; त्यासाठी एखादी खिडकी किलकिली ठेवणे आवश्यक आहे. बंद घरात चिमणी जोरात चालू असेल, तर गॅस गिझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो आणि हा धोका जिवावर बेतणारा आहे.

नळीविना चालणारी, कोळशाच्या गाळणीतून हवा पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी वास काही प्रमाणात कमी करते, मात्र उष्णता आणि वाफ तशीच राहते. रोजच्या फोडण्या आणि तळणीच्या स्वयंपाकाला नळीची चिमणीच योग्य. ती नळी कोणत्या भिंतीतून बाहेर काढायची, हे सोसायटीच्या परवानगीने आधी ठरवावे. काँक्रीटच्या तुळईला भोक पाडणे हा पर्याय नाही.

विजेचे गणित त्या मानाने सरळ आहे. आपल्याकडील 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 16 अँपिअरचा सॉकेट सुमारे 3.7 किलोवॉट भार पेलतो. एका भांड्याची इंडक्शन शेगडी त्यावर चालते. चार भांड्यांचा इंडक्शन हॉब मात्र सात किलोवॉटच्या आसपास वीज मागतो. त्याला स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागते. ओव्हन आणि डिशवॉशर यांचा भार त्यात मिळवला, की अनेक सदनिकांचा मंजूर भार ओलांडला जातो. हा भार वीजबिलावर छापलेला असतो. उपकरणांची यादी घेऊन वायरमनकडे जाताना ते बिलही सोबत न्यावे.

इंडक्शनवर चुंबक चिकटेल अशा सपाट बुडाच्या भांड्यांचाच उपयोग होतो. ॲल्युमिनियमची गोल कढई, पितळेचे पातेले किंवा जाळावर फुगणारा फुलका यांना तेथे स्थान नाही. भरताचे वांगे भाजण्यासाठीही एखादा गॅसचा बर्नर ठेवावाच लागतो. म्हणूनच दोन्हींची सोय असलेला हॉब अनेक घरांना अधिक सोयीचा ठरतो.

गॅसच्या जोडणीत देखणेपणापायी एक गंभीर चूक होते. सिलिंडर बंद कपाटात दडवला जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तळाशी साचतो. त्यामुळे त्या कपाटाला जमिनीलगत झडपा हव्यात. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने तेथे वरच्या बाजूला मोकळीक लागते. दोन्ही इंधनांसाठी बर्नरची जेटही वेगळी असतात. भविष्यात नळाचा गॅस येणार असेल, तर त्या हॉबची जेट बदलून मिळतात का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

डिशवॉशरवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला असून, त्यामुळे हे यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्यांना काहीसा दिलासा मिळाला आहे. मात्र अनेक यंत्रांना पाण्याचा किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी यंत्राहून तीन ते पाच मीटर उंच असली पाहिजे. वरच्या मजल्यावरील घरांत ती बहुधा नसते आणि वेगळा पंप बसवावा लागतो. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर यंत्रातील मिठाचा कप्पा नियमित भरणे आणि पाण्याच्या कठीणपणानुसार मांडणी करून घेणे अपरिहार्य ठरते. अन्यथा काचेच्या भांड्यांवर पांढरे डाग पडतात. पितळ, कल्हईची भांडी, लोखंडी तवा आणि पोळपाट-लाटणे यांची रवानगी सिंकमध्येच होते. ॲल्युमिनियमचा कुकर यंत्रात काळवंडतो. घरातील निम्मी भांडी या यादीत मोडत असतील, तर हा खर्च पुन्हा तपासून पाहिलेला बरा.

कपाटात बसणाऱ्या ओव्हनबाबत तर अनेक घरांचा अनुभव एकच आहे : पहिल्या वर्षी केक, दुसऱ्या वर्षापासून कढया ठेवण्याची जागा. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी भाजण्यासाठी ओट्यावरचा ओटीजी पुरतो.

फ्रिजवरील ताऱ्यांसोबत लेबलवरचे वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत असल्याने वेगवेगळ्या वर्षांचे पाच तारे सारखे नसतात. आयात केलेल्या फ्रिजवर हवामानाचा वर्गही नोंदवलेला असतो. ‘एसटी’ वर्ग 38 अंशांपर्यंतच्या, तर ‘टी’ वर्ग 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. नागपूरसारख्या शहरात हा फरक उन्हाळ्यात जाणवतो.

खरेदीपूर्वी आपल्या शहरात त्या कंपनीचा तंत्रज्ञ आहे का आणि सुटे भाग कोठून येतात, याची लेखी माहिती मागावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक उपलब्ध आहे. भिंती बुजवण्याआधी पाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या सर्व वाटांची टेपसह छायाचित्रे काढून ठेवावीत. पाच वर्षांनी चिमणी बदलताना ड्रिल कोठे चालवायचे, हे त्यांवरूनच कळेल.