कापसाचा धागा, संत्र्याची फोड आणि पेशीचे माप

पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसूच शकत नाही, हा समज मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) खोटा ठरतो. सरकीला चिकटलेला कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे बीजावरणाच्या बाहेरच्या थरातली लांबलेली एकच पेशी. तिची लांबी बहुधा 25 ते 30 मिलिमीटर भरते आणि ती साध्या पट्टीने मोजता येते. रुंदी मात्र जेमतेम 12 ते 20 मायक्रोमीटर (1 मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि सूक्ष्मदर्शक लागतो तो तिच्यासाठी. याच भागातल्या संत्र्याबाबत गैरसमज नेमका उलटा आहे: फोडीतली रसाची पिशवी एक पेशी वाटते, पण ती अनेक पेशींची बनलेली असते.

सूक्ष्मदर्शकाची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) 10 पटीची, वस्तुभिंग (वस्तूजवळचे भिंग) 40 पटीचे. तेव्हा दिसणाऱ्या आकाराला 400 ने भागले की माप मिळाले, असेही मानले जाते. पण डोळ्याला दिसणाऱ्या त्या प्रतिमेला पट्टी लावणार कुठे? त्यासाठी नेत्रिकेत रेघा आखलेली काचेची चकती बसवतात. तिच्यावर सहसा 100 भाग असतात, पण भागाची किंमत ठरलेली नसते. ती काढावी लागते. 1 मिलिमीटरचे 100 भाग आखलेली प्रमाणपट्टी मंचावर ठेवून दोन्हींच्या रेघा जुळवतात. चकतीचे 100 भाग प्रमाणपट्टीच्या 25 भागांवर, म्हणजे 250 मायक्रोमीटरवर बसले, तर एक भाग 2.5 मायक्रोमीटरचा. मग प्रमाणपट्टी काढून धागा ठेवायचा. तो 6 भाग रुंद दिसला, तर रुंदी 15 मायक्रोमीटर. वस्तुभिंग बदलले की 2.5 हा आकडा बाद होतो. जुनाच आकडा पुढे वापरणे ही यातली नेहमीची चूक.

एकदा मोजले की झाले, हेही खरे नाही. वाळलेला धागा गोल राहत नाही. तो फितीसारखा चपटा होतो आणि जागोजागी पीळ घेतो. पिळावर तो अरुंद दिसतो, दोन पिळांच्या मध्ये रुंद. म्हणून बरेच धागे वेगवेगळ्या ठिकाणी मोजून सरासरी काढतात आणि सर्वांत लहान-मोठी मापेही नोंदवतात.

पट वाढवत गेल्यास बारकावा वाढतच जातो, हा समजही टिकत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवले की प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे बारकाव्यावर मर्यादा पडते. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात ती सुमारे 0.2 मायक्रोमीटर आहे. त्याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. प्रतिमा नुसती मोठी आणि धूसर होते. त्यामुळे धाग्याची रुंदी 15.37 मायक्रोमीटर अशी लिहिण्यात शेवटच्या अंकांना काही अर्थ नसतो.