हिशेबाची नवी पेटी : एसएसडीचा वेग आणि तिचा भरवसा

नीरा खोऱ्यातील कळंब हे इंदापूर तालुक्यातील गाव वालचंदनगरला लागून आहे. याच परिसरातील जमिनीवर सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी ऊसशेती, साखर कारखाना आणि पुढे यंत्रनिर्मितीचा उद्योग उभा केला. या भागातील किराणा, कापड, खते आणि बी-बियाण्यांच्या व्यापाराचे गणित आजही उसाच्या बिलावर चालते. माल आज जातो, पैसे काही महिन्यांनी येतात. मधल्या काळात व्यापाऱ्याच्या हाती उरते ती केवळ नोंद.

ही नोंद पूर्वी लाल बासनातील वहीत असे. आता ती बहुतेक पेढ्यांवर संगणकातील टॅलीसारख्या प्रणालीत असते आणि तो संगणक नवा असेल, तर त्यात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवलेली असते. दिवाळीला वहीपूजनात संगणकालाही कुंकू लागते. परंतु त्या पेटीचा वेग किती आणि भरवसा किती, याची चौकशी खरेदीच्या वेळी क्वचितच होते.

वेग कोठून येतो

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडा हवी ती नोंद शोधत तिच्यावर पुढे-मागे सरकतो. एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नसतो. तिच्या चिपमधील सूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार साठवून माहिती ठेवली जाते. ‘नँड फ्लॅश’ नावाचे हे तंत्र तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडले. १९९१ मध्ये सॅनडिस्कने आयबीएमसाठी बनवलेल्या एसएसडीची क्षमता अवघी २० मेगाबाइट होती आणि किंमत सुमारे एक हजार डॉलर. त्या कंपनीच्या संस्थापकांत कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा हेही होते.

आजची साधी साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत हा आकडा ३५०० ते ७००० पर्यंत जातो, तर हार्ड डिस्क साधारणतः १०० ते २०० मध्ये घुटमळते. हे आकडे सलग मोठी फाइल वाचण्याचे आहेत. हिशेबाच्या प्रणालीला मात्र ठिकठिकाणी विखुरलेल्या लहान नोंदी शोधाव्या लागतात. अशा विखुरलेल्या नोंदी हार्ड डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास वाचू शकते, एसएसडी हजारोंनी वाचते. खतावणी उघडण्यास किंवा ताळेबंद काढण्यास लागणारा वेळ यामुळेच घटतो.

म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येणे हा दुकानदाराला सर्वाधिक लाभ देणारा टप्पा होय. तेथून महागड्या एनव्हीएमईवर गेल्यास चित्रफितींचे काम करणाऱ्यास फरक जाणवेल. बिले करणाऱ्यास तो फारसा जाणवणार नाही.

खोक्यावरचा आकडा आणि व्यवहार

एका पेशीत जितके अधिक बिट कोंबावेत, तितकी चिप स्वस्त, संथ आणि अल्पायुषी होते. पेशीत तीन बिट ठेवणारी ती टीएलसी, चार बिट ठेवणारी ती क्यूएलसी. हा संथपणा झाकण्यासाठी उत्पादक पेशींचा काही भाग तात्पुरता एका बिटाच्या वेगवान पद्धतीने वापरतात. खोक्यावर छापलेला लिहिण्याचा वेग बहुधा या भागाचा असतो. तो भाग भरला की स्वस्त क्यूएलसी एसएसडीचा वेग हार्ड डिस्कइतका किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. एसएसडी काठोकाठ भरल्यास हे लवकर घडते. त्यामुळे पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

नामांकित मालही याला अपवाद नाही. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० इव्हो या मालिकेत अनेक आठवडे न हललेल्या जुन्या फाइली फार सावकाश वाचल्या जात असल्याचे आढळले आणि कंपनीला अंतर्गत प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, सुधारून द्यावे लागले. त्याआधी क्रुशियलच्या एम-४ मध्ये सुमारे ५१८४ तासांच्या वापरानंतर संगणक वारंवार बंद पडण्याचा दोष निघाला. त्यावरील सुधारणा जानेवारी २०१२ मध्ये आली. दोन्ही ठिकाणी चिप शाबूत होती, चूक तिला चालवणाऱ्या सूचनांत होती. फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

आयुष्याचा हिशेब

प्रत्येक लेखनाबरोबर पेशी थोडी झिजते, ही गोष्ट खरी आहे. पण या झिजेचा आकडा मांडून पाहावा. ५०० गिगाबाइटच्या चांगल्या टीएलसी एसएसडीवर ३०० टेराबाइट लेखनाची हमी सामान्यपणे मिळते. दुकानाच्या संगणकावर रोज २० गिगाबाइट लेखन होते असे सढळपणे धरले, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. या गतीने हमीची मर्यादा गाठण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

धोका आहे तो दुसरीकडे. २०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि गुगल यांच्या संशोधकांनी गुगलच्या केंद्रांतील फ्लॅश ड्राइव्हचा सहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. हार्ड डिस्कच्या तुलनेत हे ड्राइव्ह कमी वेळा बदलावे लागले. मात्र चार वर्षांच्या वापरात २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये दुरुस्त न होणारी किमान एक चूक आढळली. झिजेइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व वयाला असल्याचेही दिसून आले.

व्यापाऱ्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, अडखळते. एसएसडी सकाळी सुरळीत चालून दुपारी संगणकाला दिसेनाशी होऊ शकते. शिवाय पुसलेली माहिती ती स्वतःच आतून साफ करत असल्याने चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा हार्ड डिस्कपेक्षा फारच कमी असते.

वीज, ऊन आणि कपाट

ग्रामीण भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मोठ्या कंपन्यांसाठीच्या एसएसडीत वीज गेल्यावर हातचे लेखन पुरे करण्यापुरता भार साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती प्रकारात ते सहसा नसतात. लेखन चालू असताना वीज गेली, तर नोंदींची फाइल अर्धवट राहू शकते. त्यामुळे यूपीएसचा खर्च हा एसएसडीच्या किमतीचाच भाग मानावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार, हमीइतके लेखन होऊन गेलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, अशी अपेक्षा आहे. तापमान वाढेल तसा हा काळ घटतो. नवी एसएसडी याहून बरीच अधिक टिकते, हे खरे; तरीही उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखालच्या कपाटात जुनी एसएसडी वर्षानुवर्षे ठेवून देणे योग्य नव्हे. दीर्घ साठवणीसाठी हार्ड डिस्क बरी, आणि तीही अधूनमधून चालवून पाहावी.

हमीपत्राविषयी एक भ्रम दूर व्हायला हवा. तीन किंवा पाच वर्षांच्या हमीत कंपनी पेटी बदलून देते. पेटीतील हिशेब देत नाही.

नोंद गेली तर

वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे आठ आर्थिक वर्षे, आणि संगणकीय हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घेणे बंधनकारक आहे. कायद्यापलीकडेही एक हानी आहे. उधारीची नोंद हरवली की व्यापारी मागणी कशाच्या आधारे करणार? आणि शेतकऱ्याने भरलेली रक्कम पुन्हा मागितली गेली, तर पिढ्यांची पत एका दिवसात जाते.

दुसऱ्या प्रतीचे मोल या समाजाला नवे नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीत एकाच ठिकाणी होती. १८८० च्या दशकात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी, म्हणजे वालचंद शेठजींचे वडील, यांनी मूडबिद्रीला जाऊन ती पाहिली आणि पुढे प्रती करवून घेण्याच्या खटपटीस आरंभ झाला. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला भाग अमरावतीहून १९३९ मध्ये छापून निघाला. ताडपत्राचे आयुष्य चिपपेक्षा कितीतरी मोठे. तरीही त्या शेठजींनी एकाच प्रतीवर विसंबून राहणे पत्करले नाही.

पेढीसाठी व्यवस्था सोपी आहे. चालू हिशेब संगणकातील एसएसडीवर असावा. दुकान बंद करताना त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवावी, म्हणजे विषाणू किंवा विजेचा झटका तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. आठवड्यातून एक प्रत घरी किंवा क्लाउडवर जावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची शिल्लक जुळते का, हे पाहावे. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलाने करावी. बाजारभावाच्या चौथाईत मिळणारी अवाढव्य क्षमतेची एसएसडी बहुधा बनावट असते.

पूर्वी मुनीम संध्याकाळी रोजमेळ जुळवल्याशिवाय दिवा मालवीत नसे. प्रत घेण्याचे काम त्याच वेळेला आणि घरातील एका ठराविक व्यक्तीकडे सोपवावे. त्यास पाच मिनिटे पुरतात.