थंडीतील कोशिंबीर : आधी धुवा, मग चिरा

थंडीचे दिवस सुरू झाले की भाजीबाजार गाजर, मुळा, टोमॅटो, कांद्याची पात, मेथी यांनी भरून जातो. भाज्या ताज्या असतात आणि स्वस्तही. तरीही अनेक घरांत कोशिंबीर फक्त पाहुणे आले किंवा सणवार असला तरच होते. ती रोज व्हावी आणि योग्य पद्धतीने व्हावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. त्यातला काही भाग कच्चा खाल्ल्यास 'क' जीवनसत्त्व अधिक मिळते, कारण ते शिजवताना बरेचसे नष्ट होते.

तेल, लिंबू आणि मीठ

कोशिंबिरीत आपण जे जे घालतो, त्याचे काम केवळ चवीपुरते नसते. गाजरातील कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. पण कॅरोटीन अंगी लागण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून दोन गाजरांच्या किसात दोन चमचे दाण्याचे कूट आणि एक चमचा तेलाची मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी घालावी. फोडणी निवल्यावर अर्धे लिंबू पिळावे.

मराठवाडा-विदर्भातील घोळाणा हीसुद्धा गुणकारी कोशिंबीरच आहे. कोवळी मेथी व कांद्याची पात बारीक चिरून त्यात दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि थोडे कच्चे तेल घालतात. त्यावर लिंबू अवश्य पिळावे. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह रक्तात अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास मात्र हा फायदा कमी होतो.

मुळा किसला की पाणी सुटते. ते पिळून फेकू नये, कारण त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. भिजवलेली मुगाची डाळ मिसळल्यास ती पाणी शोषून घेते. मीठ अगदी वाढताना घालावे, म्हणजे पाणी कमी सुटते.

स्वच्छतेत हयगय नको

काही ठिकाणी सांडपाण्यावर भाजी पिकवतात. अशा भाजीवर जंतांची अंडी असू शकतात. त्यांपैकी एका प्रकारच्या पट्टकृमीची अंडी पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. म्हणून पालेभाजी पान न् पान सुटे करून दोन-तीन पाण्यांतून काढावी आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धरावी. गाजर-मुळा चोळून धुऊन मगच सोलावा. न धुता सोलल्यास सालीवरची घाण सुरीबरोबर आतल्या भागाला लागते. हात, विळी आणि किसणीही स्वच्छ हवी.

चिरून ठेवलेल्या भाजीतील 'क' जीवनसत्त्व हवा लागून कमी होत जाते, म्हणून कोशिंबीर जेवणाच्या वेळीच करावी. उरलेली दुसऱ्या दिवशी खाऊ नये.

कोणी काळजी घ्यावी?

रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ टाळून लिंबू, जिरेपूड व कोथिंबिरीने चव आणावी. दात नसलेल्या वृद्धांना बारीक किसून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी कच्च्या पालेभाज्या किती खाव्यात, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बाकी सर्वांनी आजपासूनच ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबिरीची जागा पक्की करावी.