मुसाफिराचा रोजा आणि चौदा मिनिटांचा सामना

2016 च्या जूनमध्ये यवतमाळातल्या फुटबॉलवेड्या रोजेदारांची मोठी गंमत झाली होती. तिकडे फ्रान्समध्ये युरो स्पर्धा आणि इकडे रमजान. दिवसाचा पहिला सामना आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. अर्धा तास होतो न होतो तोच सूर्य मावळायचा आणि मगरिबची अजान व्हायची. खजूर तोंडात, डोळे टीव्हीवर. दुसरा सामना साडेनऊचा, म्हणजे ऐन तरावीहच्या वेळेला. रमजानमध्ये रात्री इशानंतर जी लांब नमाज होते ती तरावीह. त्यामुळे हा सामना बहुतेकांचा हुकायचाच. तिसरा रात्री साडेबाराला. तो संपेपर्यंत सव्वादोन-अडीच वाजायचे आणि सहरी तर चारच्या आसपास. मधल्या वेळात झोपून करायचे काय? त्या महिन्यात पोरांना सहरीसाठी हलवून हलवून उठवण्याचा घराघरांतला त्रास तेवढा वाचला.

आता हाच तिसरा सामना पॅरिसमध्ये बसून पाहणाऱ्या रोजेदाराचे काय होत असेल, ते बघा. तिथे तो रात्री नऊला सुरू व्हायचा. रात्री म्हणायचे एवढेच, कारण उन्हे अजून इमारतींवर असायची. जूनच्या मध्यावर पॅरिसमध्ये सूर्य मावळतो दहाला तीन-चार मिनिटे कमी असताना. म्हणजे पूर्वार्ध उपाशीपोटी पाहायचा आणि रोजा सोडायचा तो नेमका मध्यंतरात! दक्षिणेला मार्सेयमध्ये सूर्य अर्धा-पाऊण तास आधी मावळतो, तिथे पूर्वार्धातच इफ्तार. यवतमाळचा जूनमधला रोजा पावणेपंधरा तासांच्या आसपास असतो; पॅरिसचा अठरा तासांच्या घरात जातो. त्यातही घोळ असा की, जूनच्या मध्यावर पॅरिसचे आकाश शास्त्रीय अर्थाने पूर्ण काळोखे होतच नाही. मग पहाट नेमकी कधी धरायची, यावर तिथल्या मशिदींच्या वेळापत्रकांत फरक पडतो. एकाच शहरात दोन मित्र दोन वेगळ्या वेळांना सहरी संपवतात आणि दोघेही बरोबर असतात.

पाठीवर पिशवी टाकून, चार मित्र मिळून युरोपात फुटबॉल पाहायला जाणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. एका खोलीत आठ-दहा खाटा असलेले स्वस्त हॉस्टेल, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, स्टेडियमचे तिकीट परवडले नाही तर चौकातल्या मोठ्या पडद्यावर सामना, अशी ही सफर. अशा चौघांत एखादा रोजेदार असला की सगळ्यांचेच दिवस बदलतात. रात्री तीनला कोणी तरी अंधारात चाचपडत अंडी उकडायला उठतो. दिवसभर पायी भटकायचा बेत दुपारनंतरवर जातो. उरलेले तिघे पाण्याची बाटली त्याच्यासमोर काढायला संकोचतात आणि तोच म्हणतो, ‘अरे, प्या ना!’ आपल्याकडच्या मिश्र वस्तीतल्या मित्रांना हे काही नवीन नाही. फक्त इथे घर जवळ असते, तिथे नसते.

पण इफ्तारला पॅरिसमध्ये कोणी उपाशी राहत नाही. शहराची मोठी मशीद 1926 साली उघडली. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढताना मेलेल्या मुस्लिम सैनिकांची आठवण म्हणून ती बांधली गेली. शहराच्या ईशान्येकडच्या भागांत अल्जीरिया, मोरोक्को, माली इथून आलेल्यांची जुनी वस्ती आहे. तिथे ‘शोरबा सर्वांसाठी’ अशा अर्थाचे नाव असलेली एक संस्था रमजानमध्ये येईल त्याला गरम जेवण देते. धर्म विचारत नाही, कागद मागत नाही. त्यांचा ‘शोर्बा’ आणि आपला शोरबा हा शब्द एकच. मसाला मात्र वेगळा. रांगेत रोजेदार असतात तसे ज्यांना त्या रात्री छप्पर नाही असेही असतात.

2016 मध्ये त्या शहरात एक भीतीही होती. आदल्या नोव्हेंबरच्या हल्ल्यांनंतर देशात आणीबाणी लागू होती. पाठीवर पिशवी, गव्हाळ रंग आणि हनुवटीवर दाढी असे तिन्ही एकत्र असले की तपासणी जरा लांबत असणार, हे समजण्यासारखे आहे आणि ज्याची होते त्याला ते टोचणारेही आहे. ज्या स्टेडियममध्ये युरोचा अंतिम सामना झाला, त्याच स्टेडियमच्या दारावर हल्ल्याच्या रात्री एका आत्मघातकी हल्लेखोराला तिकीट नाही म्हणून आत जाऊ न देणारा सुरक्षारक्षक मूळचा मॉरिशसचा, धर्माने मुसलमान होता. ही बातमी त्या वेळी आली आणि विरूनही गेली.

युरोच्या वेळी पॅरिसमधला सर्वांत मोठा पडदा लागला होता आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, शाँ द मार्स या मैदानावर. याच मैदानावर पाच वर्षे आधी, तेही रमजानमध्येच, एक वेगळी स्पर्धा झाली होती. विदर्भाचे खरे नाते जुळते ते हिच्याशी.

21 ते 28 ऑगस्ट 2011. होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघरांचा विश्वचषक. ही स्पर्धा 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात अठरा संघांनिशी सुरू झाली. बावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद मैदान, भोवती लाकडी कठडा. एका बाजूला चार खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन. सामना चौदा मिनिटांत खलास. खेळणारे बेघर, व्यसनमुक्ती केंद्रातून आलेले, आश्रय मागणारे निर्वासित. आणि एक कडक नियम : एका खेळाडूने आयुष्यात एकदाच खेळायचे. कितीही गोल केले तरी पुढच्या वर्षी दुसऱ्याला जागा.

या स्पर्धेत भारताचा संघ 2007 च्या कोपनहेगनपासून उतरू लागला आणि तो बांधला नागपूरने. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरे पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, ही गोष्ट ‘झुंड’ चित्रपटामुळे आता घरोघरी माहीत आहे. ‘स्लम सॉकर’ या त्यांच्या संस्थेला 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कारही मिळाला. ज्यांनी नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकले नव्हते, अशी पोरे या निमित्ताने विमानात बसली.

चित्रपटात लोकांना शेवटचा सामना आठवत नाही इतकी पासपोर्टची धावपळ आठवते. रिंकू राजगुरूने उभी केलेली आदिवासी मुलगी आणि तिचे वडील ओळखीच्या एका कागदासाठी या दारातून त्या दारात फिरतात. झरी-जामणी किंवा केळापूरच्या कोलाम पोडांवर ज्याने जातीच्या दाखल्यासाठीची पायपीट पाहिली आहे, त्याला यात काही अतिशयोक्ती वाटली नसेल. व्हिसाच्या अर्जात कायमचा पत्ता लिहायचा असतो, बँकेतली शिल्लक दाखवायची असते. बेघरांच्या स्पर्धेला निघालेल्याने तिथे काय लिहावे? यवतमाळच्या मुलाला तर पहिला टप्पाच एस.टी.चा, शकुंतला बंद पडली आणि मोठी रेल्वे अजून पुरती आलेली नाही. नागपूर दीडशे किलोमीटर, तिथून पुढचे जग.

आणि हे सगळे पार करून पोचल्यावर रमजान लागला तर? हे नुसते पॅरिसलाच झाले असे नाही. 2009 ची मिलानची स्पर्धाही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रमजानमध्येच आली होती. ऑगस्टअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री पावणेनऊला मावळतो. सामने दिवसा, उन्हात. चौदा मिनिटे म्हणजे थोडी वाटतात, पण एवढ्याशा मैदानात उभे राहायला उसंतच नसते. शिवाय काही संघांना दिवसात दुसऱ्यांदाही उतरावे लागते.

इथे कुराणातली एक सवलत कामाला येते. सूरह बकरामध्ये रोज्याचा आदेश आहे, त्याच्याच शेजारी म्हटले आहे की, आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने तेवढे दिवस नंतर भरून काढावेत. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, असे कारणही तिथेच दिले आहे. प्रवासी कोणाला म्हणायचे याचा हिशेब फिकहच्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे बहुसंख्य असलेल्या हनफी पंथानुसार साधारण अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या सफरीला निघालेला तो मुसाफिर, आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असेल तोवर तो मुसाफिरच. म्हणजे धामणगावला पाहुण्यांकडे जाऊन आलेला मुसाफिर ठरत नाही; नागपूरला निघालेला ठरतो. आठ दिवसांच्या स्पर्धेसाठी पॅरिसला गेलेला तर नक्कीच.

तरीही पुष्कळांना ही सवलत घेणे जड जाते. लोक काय म्हणतील, हा एक भाग. दुसरा भाग असा की, परक्या मुलखात रोजा हीच घरची एकमेव खूण असते. ती सोडवत नाही. हे मन समजण्यासारखे आहे. मात्र जो रोजा पुढे ढकलतो त्याचा इमान हलका, असे समजणारे कुराणापेक्षा अधिक कडक व्हायला निघालेले असतात. हिशेब साधा आहे. राहिलेला रोजा नंतर ठेवता येतो, त्याला कजा म्हणतात. ती चौदा मिनिटे नंतर मिळत नाहीत. स्पर्धेचा नियमच तसा आहे.

काही जण मधली वाट काढतात. 2018 च्या विश्वचषकाआधी ट्युनिशियाचा संघ युरोपात सराव सामने खेळत होता. पोर्तुगालविरुद्ध ब्रागा इथे सूर्यास्ताची वेळ झाली तसा गोलरक्षक मोएझ हसन दुखापत झाल्यासारखा आडवा पडला. डॉक्टर त्याच्याकडे धावले आणि बाकीचे खेळाडू मैदानाच्या कडेला खजूर-पाण्याकडे. थोड्याच वेळात ट्युनिशियाने बरोबरी साधली. पुढे जिनिव्हात तुर्कस्तानविरुद्धही तो असाच पडला. लबाडीच ती, पण सगळ्या स्टेडियमला कळलेली लबाडी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2021 पासून पंचच सूर्यास्ताला खेळ क्षणभर थांबू देतात. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये अशा थांब्याला नकार दिला. एकीकडे पाण्याचे दोन घोट, दुसरीकडे नियमाची शुद्धता. यात कुणाचे काय बिघडत होते, हे फ्रान्सनेच सांगावे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. तो पुन्हा जूनच्या फुटबॉलला गाठेल तेव्हा या शतकाचे पाचवे दशक संपत आलेले असेल. पॅरिसमध्ये ऑगस्टात राहून गेलेले आठ रोजे मात्र एवढी वाट पाहायला लावत नाहीत. ते यवतमाळला डिसेंबरातही ठेवता येतात. तेव्हा थंडीने तहान लागत नाही, आणि सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळलेला असतो.