पासष्टीच्या पुढचा परदेश प्रवास आणि विम्याचं गणित

जेम्स डॉडसन हा अठराव्या शतकातला लंडनचा गणितज्ञ. ‘अ‍ॅमिकेबल सोसायटी’ या संस्थेकडे तो आयुर्विमा मागायला गेला आणि त्याला नकार मिळाला, कारण त्याची पंचेचाळिशी उलटली होती. त्या संस्थेत पंचविशीतला तरुण आणि चाळिशीतला गृहस्थ सारखीच वर्गणी भरत, त्यामुळे त्याहून मोठ्या माणसाला आत घेणं तिला झेपणारं नव्हतं. डॉडसनने मृत्यूच्या नोंदी समोर ठेवून हिशेब मांडला. ज्याचं जेवढं वय, तशी त्याची वर्गणी ठेवली, तर वयस्कालाही विमा देता येईल आणि संस्थाही बुडणार नाही, असं त्यातून निघालं. १७५७ मध्ये तो वारला. त्याच्या गणितावर उभी राहिलेली ‘इक्विटेबल’ ही संस्था १७६२ मध्ये सुरू झाली. (तर्कशास्त्रातल्या नियमांमुळे आपल्याला माहीत असलेला ऑगस्टस डी मॉर्गन हा या डॉडसनचा पणतू, आणि त्याचा जन्म १८०६ सालचा, आपल्या मदुराईचा.)

आज कोथरूडहून सॅन होजेला लेकीकडे निघालेल्या आजींचा प्रवास विमा काढायला बसलं, की जन्मतारीख लगेच विचारली जाते. तो प्रश्न डॉडसनच्या वहीतून आलेला आहे. वयाबरोबर जोखीम किती वेगाने वाढते हे बेंजामिन गॉम्पर्ट्झने १८२५ मध्ये सूत्रात मांडलं. प्रौढ वयात मृत्यूची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. म्हणजे बासष्टीच्या मानाने सत्तरीत दुप्पट आणि अठ्ठ्याहत्तरीत चौपट. साठ, सत्तर, ऐंशी अशा टप्प्यांवर प्रीमियम उडी मारतो, त्याच्या मुळाशी हीच वाढ आहे.

मग जोखीम चौपट तर प्रीमियमही चौपट घ्यावा आणि विमा द्यावा, प्रश्न मिटला! पण तसं होत नाही. एका वयानंतर पॉलिसीच मिळेनाशी होते, किंवा मिळते आणि तिच्यातून नेमके रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार वगळलेले असतात. किंमत वाढवून भागत का नाही?

अगदी हाच प्रश्न जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये विचारला. त्यांचा शोधनिबंध जुन्या मोटारींच्या बाजारावर होता आणि छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. मोटारींचं उदाहरण संपलं की ते वळतात ते थेट पासष्टीच्या पुढच्या माणसांना वैद्यकीय विमा मिळणं इतकं कठीण का, याकडे. त्यांचं उत्तर वाचून मी थक्क झाले होते, इतकं ते साधं आहे. समजा, सत्तरीतल्या शंभर जणांना एकाच सरासरी भावाने विमा देऊ केला. जे रोज पर्वतीच्या पायऱ्या चढतात त्यांना तो भाव जास्त वाटतो आणि ते विमा घेत नाहीत. ज्यांना आपली प्रकृती नाजूक आहे हे ठाऊक असतं ते मात्र आवर्जून घेतात. उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, म्हणून भाव वाढतो. वाढलेल्या भावाला आणखी काही धडधाकट मंडळी गळतात. भाव पुन्हा वाढतो. असं होत होत शेवटी असा कोणताच भाव उरत नाही, ज्याला घेणारे आणि देणारे दोघेही राजी होतील. यात कोणी लबाड नाही. माणसाला स्वतःच्या प्रकृतीची जेवढी माहिती असते, तेवढी कंपनीला नसते, एवढंच. याच निबंधात भारतातल्या सावकारीवरही एक भाग आहे. १९६७-६८ हे वर्ष अ‍ॅकरलॉफ यांनी नवी दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत काढलं होतं. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हे एकदा समजलं की पॉलिसीचा कागद वेगळा दिसू लागतो. कंपनी आपलं अज्ञान भावात पुरतं बसवू शकत नाही, म्हणून ते अटींमध्ये बसवते. त्यामुळे ज्येष्ठांसाठी परवडणारा विमा शोधायचा तर भावाचा तक्ता नंतर पाहावा, अटी आधी वाचाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट माहिती देण्याची. ‘शुगर लिहिली तर प्रीमियम वाढेल, नका लिहू’ हा सल्ला अनेक घरांत प्रेमापोटीच दिला जातो. पण विमा घेणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेलं महत्त्वाचं सगळं सांगितलं पाहिजे, हे तत्त्व १७६६ पासून पक्कं आहे. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या विम्याचा तो खटला, आणि न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड. आज भारतात मधुमेहाच्या विम्यालाही तेच तत्त्व लागू पडतं. शिवाय लपवलेलं टिकतही नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सीत नर्स आधी विचारते, रोजची औषधं कोणती. आजी खरं तेच सांगतात, कारण सांगितलं नाही तर जिवाशी गाठ. ते कागदावर चढतं आणि क्लेमच्या वेळी कंपनी तोच कागद मागवते.

दुसरी गोष्ट ‘आधीपासूनचे आजार’, म्हणजे एजंटच्या भाषेत पीईडी. अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या अनेक योजनांमध्ये हे आजार वगळलेले असतात, पण एक खिडकी उघडी ठेवलेली असते. तिचं नाव ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’. जुनाच आजार अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता उफाळला, झपाट्याने वाढू लागला आणि बहुतेक योजनांप्रमाणे २४ तासांच्या आत उपचार घेतले, तर खर्च मिळतो. हे कलम दोन माणसांवर लावून पाहा. एका आजोबांची पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. पहाटे तीनला छातीत कळ आली, सहाला ते रुग्णालयात होते. त्यांचा खर्च या खिडकीतून मिळण्याची शक्यता चांगली आहे. दुसऱ्या आजोबांना चार दिवस धाप लागत होती. मुलगा-सून कामावर, उगाच कशाला त्यांना त्रास, म्हणून त्यांनी दुखणं अंगावर काढलं. पाचव्या दिवशी त्यांना दाखल करावं लागलं. आजार तोच, पॉलिसी तीच, पण चार दिवसांची धाप म्हणजे पूर्वसूचना, आणि क्लेम फेटाळला जाऊ शकतो. आपल्या वडीलधाऱ्यांचा सोशिकपणा या कलमात बरोबर अडकतो. त्यांना निघण्याआधीच हे समजावून सांगा. खर्चाच्या धास्तीने थांबायचंही कारण नाही. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांना पैशाचा प्रश्न बाजूला ठेवून रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. बिल मात्र मागाहून येतं. या खिडकीला वयाचीही अट असते. काही योजनांत ती सत्तरीला बंद होते, काहींत रक्कम एकदम घटते.

कॅनडाची तऱ्हा निराळी. तिथे अनेक पॉलिसी जुना आजार स्वीकारतात, अट एवढीच की तो निघण्याआधी ठराविक काळ, बहुधा ९० किंवा १८० दिवस, ‘स्थिर’ असला पाहिजे. या स्थिरतेची व्याख्या विलक्षण आहे. तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली, तरी बऱ्याच पॉलिसींत तो बदलच धरला जातो! तेव्हा औषधांची फेरतपासणी तिकिटाच्या बरीच आधी उरकावी. कॅनडाच्या सुपर व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांना किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा बंधनकारक आहे आणि शेंगेन देशांसाठी किमान तीस हजार युरोचा. पण ही व्हिसाची गरज झाली, प्रकृतीची गरज त्याहून मोठी असू शकते.

स्वस्ताईचा सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे अमेरिकेतल्या ‘फिक्स्ड बेनिफिट’ योजना. त्यांत दर बाबीला ठरलेली रक्कम मिळते. मुखपृष्ठावर पन्नास हजार डॉलर लिहिलेले असतात. आत गेलं की रुग्णालयाचे दिवसाला, समजा, दोन हजार. पाच दिवसांचं बिल साठ हजार आलं तर या बाबीपोटी हातात दहाच हजार. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ योजना महाग दिसते, पण ठरलेली डिडक्टिबल आपण भरली की पुढचा मोठा वाटा ती उचलते. भारतीय कंपन्यांच्या ज्येष्ठांसाठीच्या पॉलिसींतही खोलीचं भाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना अशा पोटमर्यादा असू शकतात, आणि बहुतेक पॉलिसी निघण्याआधीच घ्याव्या लागतात. तिथे पोचल्यावर घेता येतात त्या प्रामुख्याने अमेरिकी योजना.

पैसे खरोखर वाचतात ते थोड्याच ठिकाणी. घरात झेपेल तेवढी मोठी डिडक्टिबल निवडली की प्रीमियम बराच उतरतो. अमेरिका-कॅनडाला जायचं नसेल तर ते दोन देश वगळलेली पॉलिसी घ्यावी, ती बरीच स्वस्त पडते. पतीपत्नीच्या वयात अंतर असेल तर एकत्र पॉलिसीचा भाव अनेकदा थोरल्याच्या वयावर लागतो, म्हणून वेगवेगळ्या काढून पाहाव्यात. दात, मोतीबिंदू, राहिलेली सोनोग्राफी इथेच उरकावी आणि नेहमीची औषधं मुक्कामाला पुरतील इतकी प्रिस्क्रिप्शनसह न्यावीत, कारण नेमाच्या उपचारांना प्रवास विमा सहसा पैसे देत नाही.

आणि पैसे भरण्याआधी माहितीपत्रकावर समाधान मानू नका, पॉलिसीचा संपूर्ण मसुदा मागून घ्या. त्यात आधीपासूनच्या आजाराची व्याख्या, वयाच्या अटी आणि पोटमर्यादा ही तीन ठिकाणं पेन्सिलीने खूण करून वाचा, आणि ‘आईला मधुमेह आहे, उद्या हृदयविकाराचा झटका आला तर काय मिळेल?’ हा प्रश्न कंपनीला ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्या. भारतीय कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, त्यासाठी फी नाही आणि वकीलही लागत नाही.